नळीतली लाट आणि वहीतला हिशेब : गॅस टर्बाइनच्या वेव्ह रोटरचे सिम्युलेशन



शेतात मोटार चालू आहे, पाणी वर चढते आहे आणि अचानक लाइट जाते. पुढच्याच क्षणी पाइपातून 'धाड्' असा आवाज येतो. आपल्या परिसरातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या मुलाला हा आवाज ओळखीचा आहे. वर चढणारे पाणी थबकते, मागे फिरते, व्हॉल्व्हवर आदळते आणि तिथून दाबाची लाट पाइपभर पळत सुटते. जोड कच्चा असेल तर निखळतो. अशा वेळी पाणी फार लांब गेलेले नसते. लांब जाते ती लाट.

आता आपल्या गड्डेन्ना वागू प्रकल्पाचे दरवाजे आठवा. पावसाळ्यात दरवाजा उचलला की एक लाट खालच्या पात्रात धावते आणि पाणी चढवत जाते. त्याच वेळी दुसरी लाट उलट दिशेने, जलाशयाच्या आत जाते आणि तिथले पाणी किंचित उतरवत जाते. पहिली आपल्याला दिसते, दुसरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एक दरवाजा उघडला आणि दोन लाटा निघाल्या. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. आजचा सगळा धडा त्याच्यावर उभा आहे.

पाण्याच्या जागी हवा घेतली, पात्राच्या जागी वीतभर लांबीची नळी घेतली आणि दरवाजा सेकंदाला शंभर वेळा उघडला, तर त्यातून एक यंत्र तयार होते. त्याचे नाव वेव्ह रोटर. गॅस टर्बाइन इंजिनाला तेवढ्याच इंधनात जास्त ताकद मिळावी म्हणून हे यंत्र योजले गेले. ते आपल्या शाळेत बांधता येणार नाही. पण ते कसे चालेल याचा हिशेब मात्र आपल्याला मांडता येतो. असा हिशेब म्हणजेच सिम्युलेशन. तो कसा करतात आणि त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे या लेखात पाहू.

गॅस टर्बाइनचा जमाखर्च

गॅस टर्बाइनचे तीन भाग असतात. कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढून दाबतो. ज्वलनकक्षात त्या हवेत इंधन जळते. तापलेला वायू टर्बाइनची पाती फिरवत बाहेर पडतो. विमानाचे जेट इंजिन याच तत्त्वावर चालते. रायगड जिल्ह्यातील उरण येथे १९८२ पासून गॅस टर्बाइनवर वीज तयार होते. तिथे टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर पुन्हा वाफ करून आणखी वीज काढतात. म्हणजे शेपटाकडची उष्णता वाया जाऊ देत नाहीत. वेव्ह रोटर हा त्याच्या उलट, इंजिनाच्या डोक्याकडे, ज्वलनकक्षाशी जोडायचा भाग आहे.

टर्बाइन जेवढे काम करते ते सगळे आपल्याला मिळत नाही. जवळजवळ अर्धे काम कॉम्प्रेसर फिरवण्यातच जाते. एक उदाहरण करून पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून घर्षणाचे तोटे सोडून देऊ आणि सगळ्या वायूला हवाच समजू. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्विन. कॉम्प्रेसर तिचा दाब आठपट करतो. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू १२०० केल्विनचा आहे. ज्वलनकक्षातून जाताना दाब सुमारे ५ टक्के कमी होतो असे धरू.

काम आपण तापमानाच्या अंशांत मोजू, कारण वायूचे तापमान जेवढे उतरते तेवढे काम त्याने दिलेले असते. गणित केले तर कॉम्प्रेसरला लागतात २४३ अंश आणि टर्बाइन देते ५२८ अंश. हाती उरतात २८५.

आता समजा, ज्वलनकक्षाला वेव्ह रोटर जोडला आणि दाब ५ टक्के घटण्याऐवजी १५ टक्के वाढला. तापमाने तीच आहेत, म्हणजे इंधनही तेवढेच. टर्बाइन आता ५६४ अंश देते. कॉम्प्रेसरचा खर्च २४३ च राहतो. उरतात ३२१. टर्बाइनची कमाई ७ टक्क्यांनीही वाढली नाही, पण हाती उरणारी शक्ती साडेबारा टक्क्यांनी वाढली.

कापूस विकणाऱ्या घरात हे वेगळे समजावून सांगायला नको. ५२८ रुपयांचा माल विकला, बी-खत-मजुरीला २४३ गेले, हाती २८५ आले. भाव थोडा चढून ५६४ मिळाले आणि खर्च तेवढाच राहिला, तर सगळी वाढ थेट हाती येते. मात्र भाव घसरला की खड्डाही तसाच पडतो. वेव्ह रोटरने वचन दिलेला दाब दिला नाही, तर फायद्याचे तोट्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दाब किती मिळेल याचा अचूक अंदाज आधीच हवा.

वेव्ह रोटर कसा चालतो?

एक पिंप डोळ्यांसमोर आणा. त्याच्या कडेने गोलाकार, लांबीच्या दिशेने, पुष्कळ सरळ नळ्या बसवल्या आहेत. नळ्या दोन्ही तोंडांना उघड्या आहेत. पिंप फिरते, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाकणाच्या तबकड्या स्थिर आहेत. त्या तबकड्यांत ठरावीक जागी खिडक्या कापलेल्या आहेत. पिंप फिरले की प्रत्येक नळीचे तोंड कधी खिडकीसमोर येते, तर कधी कोऱ्या पत्र्यासमोर. दरवाजे उघडणे आणि बंद करणे असे आपोआप होते. आत दट्ट्या नाही, पाती नाहीत. गरम वायूच थंड हवेला दाबतो.

आता एका नळीबरोबर एक फेरी मारू.

पहिली पायरी. नळीत कॉम्प्रेसरकडून आलेली हवा भरलेली आहे. तिचे एक तोंड ज्वलनकक्षाकडून येणाऱ्या गरम, जास्त दाबाच्या वायूच्या खिडकीसमोर येते. दरवाजा उघडला! आघात-लहर नळीतून धावते आणि वाटेतल्या हवेला दाबत जाते.

दुसरी पायरी. लहर दुसऱ्या टोकाला पोचते, तेव्हा तिथली खिडकी उघडते. दाबलेली हवा त्यातून ज्वलनकक्षात जाते. गरम वायू तिच्यामागे नळीत सरकत येतो.

तिसरी पायरी. दोन्ही तोंडे बंद होतात. नळीत आता जास्त दाबाचा गरम वायू अडकलेला असतो.

चौथी पायरी. टर्बाइनकडची खिडकी उघडते. वायू जोराने बाहेर पडतो आणि आत प्रसरण-लहर शिरते, जलाशयात उलट गेलेल्या त्या दुसऱ्या लाटेसारखी. ती दुसऱ्या टोकाला पोचली की तिथला दाब कॉम्प्रेसरच्या दाबापेक्षाही खाली जातो. नेमक्या त्याच वेळी कॉम्प्रेसरकडची खिडकी उघडते, ताजी हवा आत ओढली जाते आणि फेरी पुन्हा सुरू होते.

वर्गात एका मुलीने विचारले, "सर, टर्बाइनला मिळणारा दाब कॉम्प्रेसरच्या दाबापेक्षा जास्त, मग हा जादा दाब फुकटात कुठून आला?" प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असे की फुकटात काहीच आलेले नाही. तेवढ्याच वजनाची हवा तापून दुप्पट तापमानाची झाली, तर त्याच दाबाला ती दुप्पट जागा व्यापते. दुप्पट जागा व्यापताना ती जे ढकलण्याचे काम करते, ते थंड हवा दाबायला लागणाऱ्या कामापेक्षा जास्त असते. ही शिल्लकच दाबाच्या रूपाने टर्बाइनला मिळते. ऊर्जा इंधनाचीच आहे.

या यंत्राचा आणखी एक गुण आहे. टर्बाइनच्या पात्यांना सतत तापलेला वायू सोसावा लागतो. वेव्ह रोटरच्या नळीतून मात्र क्षणात गरम वायू, क्षणात तुलनेने थंड हवा जाते. त्यामुळे नळीचे पत्रे सर्वांत गरम वायूइतके कधीच तापत नाहीत.

क्षणाचा हिशेब

वरच्या पायऱ्या वाचायला सोप्या वाटतात. अडचण आहे ती वेळेची. हवेतल्या छोट्या लाटेचा वेग म्हणजे आवाजाचा वेग. ३०० केल्विनला तो सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. नळी २० सेंटीमीटरची असेल, तर लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ०.५८ मिलिसेकंदात जाते. पिंप मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे लाट नळी ओलांडते तेवढ्यात पिंप सुमारे २१ अंश फिरलेले असते. दुसऱ्या बाजूची खिडकी साधारण तेवढ्या अंशावर सुरू झाली पाहिजे.

पिंपाचा वेग १० टक्क्यांनी वाढला, तर लाट पोचेपर्यंत ते सुमारे २३ अंश फिरते. दोन अंशांचा फरक पडला. लाट पोचण्याआधीच खिडकी उघडली आणि दाबली न गेलेली हवा तिच्यासमोर आली. पाहुणा यायच्या आधीच दार उघडून बसले तर घरात धूळच येणार!

त्यात आवाजाचा वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. १२०० केल्विनला तो ३०० केल्विनच्या दुप्पट असतो. आघात-लहर तर आवाजापेक्षाही जलद पळते. लाटा टोकांवरून परततात, एकमेकींना छेदतात, थंड आणि गरम वायूच्या सीमेवर मोडतात. केवळ पट्टी आणि कोनमापक घेऊन हे सारे मांडता येत नाही. इथे सिम्युलेशनची गरज लागते.

आवक-जावकीची वही

सिम्युलेशन म्हणजे काहीतरी गूढ असा समज करून घेऊ नका. बाजार समितीत आवक-जावकीची वही असते, तीच ही पद्धत. नळीचे लांबीच्या दिशेने शंभर खण करा. प्रत्येक खणासाठी तीन खाती ठेवा : वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा. अगदी थोडा वेळ पुढे जा. डावीकडच्या खणातून किती आले, उजवीकडच्या खणात किती गेले, ते लिहा. शिल्लक काढा. शिल्लक वस्तुमानावरून घनता कळते, संवेगावरून वेग कळतो आणि ऊर्जेवरून दाब कळतो. मग पुन्हा थोडा वेळ पुढे.

एकच नळी घेतली तरी चालते, कारण प्रत्येक नळी तीच फेरी मारते. फक्त टोकांशी केव्हा खिडकी आहे आणि केव्हा पत्रा, ते पिंपाच्या कोनावरून ठरते.

दोन शेजारच्या खणांमध्ये दाब वेगळा असेल तर नेमके काय जाते-येते, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर म्हणजे आपला पहिला धडा : एक दरवाजा उघडला आणि दोन लाटा निघाल्या. प्रत्येक सीमेवर एक छोटा दरवाजा आहे असे समजायचे आणि त्याच्या लाटांवरून जावक काढायची. सोव्हिएत गणिती गोदुनोव्ह यांनी ही युक्ती १९५९ मध्ये मांडली. पुढे १९८१ मध्ये फिलिप रो यांनी तिचे गणित खूप हलके केले.

हे काम किती? खण २ मिलिमीटरचा झाला. सर्वांत जलद लाट सेकंदाला १००० मीटरने जाते असे धरले, तर वेळेचे पाऊल २ मायक्रोसेकंदांपेक्षा मोठे घेता येत नाही. एका फेऱ्याचे १० मिलिसेकंद म्हणजे ५००० पावले. प्रत्येक पावलाला १०० खण. एकूण ५ लाख नोंदी. एका नोंदीला एक मिनिट धरून एखाद्या मुलाने रोज सहा तास हेच केले, तर त्याला सुमारे १३८९ दिवस लागतील. वर्षाला शाळेचे २२० दिवस धरा. पाचवीत बसवलेला मुलगा दहावी संपली तरी वहीतून डोके वर काढणार नाही, आणि झालेला असेल पिंपाचा एकच फेरा. घरातला साधा संगणक हे काम चहा उकळायच्या आत करतो.

आमच्या वर्गात झालेली चूक

आम्ही दहावीच्या वर्गात हा हिशेब लहान प्रमाणावर करून पाहिला. बंद नळी, मध्ये पडदा, डावीकडे जास्त दाब, उजवीकडे कमी. पडदा फाटला की पुढे काय होते ते काढायचे. सूत्रे आम्ही घालून दिली, तक्ता मुलांनी संगणकावर भरला. नळीचे दहा खण केले. ओळी कमी लागाव्यात म्हणून वेळेचे पाऊल जरा मोठे घेतले. सहाव्या ओळीत एका खणातला दाब उणे आला.

हवेचा दाब उणे कसा असेल? पण निम्म्या वर्गाने ते उत्तर तसेच वहीत उतरवून घेतले. विचारले तेव्हा एक जण म्हणाला, "कॉम्प्युटरने दिलंय सर, बरोबरच असणार." त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही शिक्षक बराच वेळ या वाक्यावर बोलत बसलो. पाऊल मोठे घेऊ देण्यात चूक आमची होती. पण त्या वाक्यामागची सवय आम्हाला जास्त खटकली.

कारण असे होते. एका पावलात लाट एका खणापेक्षा जास्त पुढे जाऊ शकत होती. म्हणजे माल दोन गावे ओलांडून गेला आणि मधल्या गावच्या वहीत त्याची नोंदच नाही. मग शिल्लक चुकणारच. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्येच हा नियम सांगून ठेवला आहे : लाटेने एका पावलात एकापेक्षा जास्त खण ओलांडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी पाऊल लहान केले, खण चाळीस केले. या वेळी उत्तर आधीच ठाऊक असलेले उदाहरण घेतले. डावीकडे दाब १ आणि घनता १, उजवीकडे दाब ०.१ आणि घनता ०.१२५. गॅरी सॉड यांनी १९७८ मध्ये हे उदाहरण पुढे ठेवले, तेव्हापासून जगभरचे लोक आपला नवा प्रोग्रॅम यावर तपासून पाहतात. लाटांच्या मधल्या भागात दाब ०.३०३ यायला हवा. आमचा त्याच्या जवळपास आला. मात्र जिथे दाबाची उभी भिंत दिसायला हवी होती, तिथे तीन-चार खणांचा उतार दिसला. हा उतार हवेतला नाही, तो आमच्या खणांच्या जाडीचा आहे, हे मुलांनी स्वतः ओळखले. उत्तरातला कोणता भाग निसर्गाचा आणि कोणता आपल्या वहीचा, हे ओळखता येणे म्हणजे निम्मे सिम्युलेशन आले.

केसाएवढी फट

उरलेले निम्मे म्हणजे खऱ्या यंत्राशी पडताळा.

वेव्ह रोटरची कल्पना जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीत क्लॉड झायपेल यांनी १९४० च्या दशकात गॅस टर्बाइनसाठी तिच्यावर काम केले. तेव्हा अपेक्षेइतके यश आले नाही. त्याच कल्पनेतून निघालेला कॉम्प्रेक्स नावाचा भाग १९८० च्या दशकात माझदाच्या डिझेल मोटारींत बसवला गेला. गॅस टर्बाइनसाठी मात्र लाटांचा सगळा हिशेब नीट मांडता येईपर्यंत वाट पाहावी लागली.

तो हिशेब १९९० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे नासाच्या लुईस संशोधन केंद्रात झाला. १९९९ पासून या केंद्राचे नाव ग्लेन संशोधन केंद्र आहे. तिथे डॅनियल पॅक्सन यांनी एका नळीच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याची पद्धत वर सांगितलेलीच आहे : खण, तीन खाती आणि रो यांच्या गणितावर आधारलेली जावक. गेरार्ड वेल्च, जॅक विल्सन आणि इतरांनी त्याच्याबरोबर प्रयोग व इंजिनाचे हिशेब केले.

त्यांच्या कामातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तोट्याची कलमे. आदर्श नळीत लाटा सुंदर धावतात. खऱ्या नळीत भिंतीशी घर्षण होते. नळीचे तोंड खिडकीसमोर एकदम उघडत नाही, हळूहळू उघडते. गरम वायू पत्र्याला उष्णता देतो. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे फिरते पिंप व स्थिर तबकडी यांच्यामधली फट. ती ठेवावीच लागते, नाहीतर पिंप घासेल. पण तिच्यातून वायू गळतो. ही सगळी कलमे खात्यांत घातली आणि मुद्दाम नळ्यांची लांबी, रुंदी व फट बदलून प्रयोग केले, तेव्हा कोणता तोटा किती हे कळू लागले.

फट किती महत्त्वाची, ते आपणच काढू. नळीचे तोंड १० मिमी बाय १० मिमी, क्षेत्रफळ १०० चौरस मिमी. फट ०.२ मिमी. नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या काठाशी मिळून गळतीची जागा होते ४ चौरस मिमी. एका टोकाला चार टक्के. आता दुसरी बाजू पाहा. पोलादाचा २० सेंटीमीटरचा पिंप ३०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.७ मिमीने लांब होतो. म्हणजे थंड असताना ०.२ मिमी फट ठेवली, तर तापल्यावर पिंप तबकडीत घुसेल. तापल्याचा विचार करून जास्त ठेवली, तर सुरुवातीला भसाभस गळेल.

नासाच्या केंद्रातील चार खिडक्यांच्या वेव्ह रोटरवरचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगात गरम वायू वेगळ्या उगमातून आणला होता. यंत्र इंजिनाला जोडलेले नव्हते. आधीच्या चाचण्यांत दाबाचे गुणोत्तर १.१२ पेक्षाही कमी मिळाले होते. नंतर जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या भागांमधली गळती रोखली आणि पिंपाच्या प्रसरणासाठी ठेवलेल्या सरकत्या तबकडीत सुधारणा केली. तेव्हा तापमानाचे गुणोत्तर २ असताना दाबाचे गुणोत्तर १.१७ झाले. हवेचा प्रवाह होता सेकंदाला सुमारे २७० ग्रॅम. लाटांचे शास्त्र तेच, नळ्या त्याच तत्त्वाच्या. बदलली ती फट. वरच्या कापसाच्या उदाहरणात हा फरक घालून पाहा, म्हणजे केसाएवढ्या फटीची किंमत समजेल.

आजही वेव्ह रोटर बसवलेले गॅस टर्बाइन बाजारात आलेले नाही. सिम्युलेशन म्हणते लाभ आहे. गळती, प्रसरण आणि वजन म्हणतात थांबा. असे असले तरी दाब वाढवणाऱ्या ज्वलनावर जगात संशोधन चालूच आहे, आणि त्याच्या हिशेबालाही हीच वही लागते.

हसूरचंपूहून ग्योटिंगेनला

या गणिताची मुळे जर्मनीतील ग्योटिंगेन गावच्या विद्यापीठात आहेत. हवेतल्या मोठ्या लाटांवरचा रीमान यांचा निबंध १८६० चा. कुरांटही तिथलेच. वायुगतिशास्त्रातले थोर शिक्षक लुडविग प्रांटल यांनी तिथे पिढ्या घडवल्या.

प्रांटल यांच्या विद्यार्थ्यांत एक मराठी नाव आहे : डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, गाव हसूरचंपू, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. आपल्यासारखाच सीमेजवळचा भाग. त्यांनी ग्योटिंगेनहून १९३६ मध्ये डॉक्टरेट घेतली. परत येऊन बंगळूरला विमाने घडवली. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आणि १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट विमान त्यांच्या नेतृत्वाखाली साकारले. वेव्ह रोटरशी त्यांचा संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या शाळेत हे गणित वाढले, त्या शाळेत खेड्यातला मराठी मुलगा जाऊन शिकला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

पालक आणि विश्वस्तांशी दोन शब्द

"मराठी शाळेतल्या मुलांना हे कशाला?" असा प्रश्न काही पालक विचारतील. आपले भैंसा २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, त्याआधी राज्यही बदलले. मुलांपुढचा प्रश्न तोच राहिला. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, पुढच्या शिक्षणात तिसरी. जवळच बासरला २००८ पासून राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, ज्याला आपण बासर ट्रिपल आयटी म्हणतो. दहावीच्या गुणांवर तिथे सहा वर्षांच्या इंजिनीअरिंग अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. तिथे शिकवणे इंग्रजीत असेल. पण दाबाची लाट म्हणजे काय, हे ज्याला आईच्या भाषेत कळले आहे, त्याला तिचे इंग्रजी नाव शिकायला एक दिवस पुरतो. ज्याने नुसते नाव पाठ केले, त्याला लाट कळायला किती वर्षे लागतील सांगता येत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. संगणक कक्ष आज टायपिंग आणि चित्रांसाठी वापरला जातो. आठवड्यातून एक तास तो विज्ञानाच्या हिशेबांसाठी मिळावा. नवीन यंत्रे नकोत. लागणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. ज्या प्रयोगाची सामग्री आपण कधीच विकत घेऊ शकणार नाही, तो प्रयोग त्या तासात होऊ शकेल. आणि "कॉम्प्युटरने दिलंय" हे वाक्य आमच्या वर्गातून हळूहळू नाहीसे होईल.

स्वाध्याय

१. गुरांच्या लांब हौदात १० सेंटीमीटर खोल पाणी घ्या. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग म्हणजे गुरुत्वत्वरण (९.८) गुणिले खोली (मीटरमध्ये) यांचे वर्गमूळ. हौद २ मीटर लांब असेल तर लाट किती वेळात पलीकडे जाईल? आधी उत्तर वहीत लिहा, मग फळीने पाणी ढकलून वेळ मोजा. अंदाज नंतर खोडायचा नाही.

२. खोली ५ सेंटीमीटर केली तर वेग निम्मा होईल का?

३. लेखातली नळी २० ऐवजी ३० सेंटीमीटरची केली, तर लाट ओलांडेपर्यंत पिंप किती अंश फिरेल? वेग तोच, मिनिटाला ६००० फेरे.

४. नळीचे खण १०० ऐवजी २०० केले, तर एका फेऱ्याच्या नोंदी दुप्पट होतील की चौपट? कारण द्या.

उत्तरे : (१) सुमारे २ सेकंद. (२) नाही; सेकंदाला ०.९९ मीटरवरून ०.७० मीटर होईल. (३) सुमारे ३१ अंश. (४) चौपट, खण निम्म्या लांबीचा झाला की वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते.

पहिल्या प्रश्नात तुमचे मोजमाप आणि हिशेब जुळले नाहीत तर घाबरू नका. तो फरक आणि त्याचे तुम्हाला वाटणारे कारण लिहून आमच्याकडे आणा. चांगली कारणे आपण पुढच्या अंकात छापू.